लोगोनं खाल्लेलं आडनाव

आईनं डबा हातात घेतला, भिंग लावून लेबल वाचलं आणि डबा माझ्याकडे परत दिला.

"हे त्यांचं नाही," ती म्हणाली. "नेऊन दे परत."

"अगं, त्यांचंच आहे. मी स्वतः उभी होते तिथं."

"तू उभी होतीस दाराबाहेर. आत कुणाचं काय चाललं होतं ते तुला काय ठाऊक? हे नाव बघ. अर्धंच आहे. या नावाचे गावात छप्पन्न जण सापडतील. कुणा भलत्याचंच आलंय आपल्याकडे. त्याची बायको बिचारी शोधत बसली असेल. जा, देऊन ये."

डब्यात माझ्या बाबांची रक्षा होती. बाबा सकाळी बुटाचा तळ चिकटवून आणतो म्हणून खाली उतरले आणि दुरुस्तीच्या दुकानासमोरच त्यांनी बसकण मारली. दुकानदारानं स्टूल दिलं, पाणी आणायला आत गेला, आणि तो पाणी घेऊन येईपर्यंत सगळं आटपलं होतं. त्या वेळी आई तिसऱ्या मजल्यावर, पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये, खिडकीजवळच्या खुर्चीत. इमारतीला लिफ्ट नाही. तिला चार माणसांनी उचलून खाली न्यायचं का, यावर दादा आणि मी जिन्यात उभं राहून कुजबुजलो आणि नको असं ठरवलं. इस्पितळातून परस्पर सगळं उरकलं. दादाची नोकरी लांब, तो आला तसा परत गेला. मी लग्नबिग्न केलेलं नाही, आईबाबांबरोबरच राहते, त्यामुळे पुढचं सगळं ओघानंच माझ्याकडे आलं.

म्हणजे आईच्या बाजूनं बघितलं तर बाबा बूट दुरुस्त करायला गेले आणि परत आले नाहीत, एवढंच झालेलं. तिला वेड लागलेलं नाही, हे आधीच सांगते. शेजारणी भेटायला आल्या की ती रीतसर "गेले" म्हणते आणि मला चहा ठेवायला सांगते. पण त्यांचा चेहरा तिनं शेवटचा पाहिला नाही. तिच्यासमोर आला तो एक पत्र्याचा डबा, आणि त्यावर अर्धं नाव.

मला तर काहीच वाटत नव्हतं. चांगलं नाही, वाईट नाही. दात काढायच्या आधी सुई देतात तेव्हा गाल होतो ना, बोटानं दाबून बघितलं तरी आपला वाटत नाही, तसं. मी जेवत होते, झोपत होते, बसमध्ये जागा मिळाली तर बसत होते. लोक म्हणायचे, किती धीराची आहे. धीर कसला डोंबलाचा! मला फक्त एवढं हवं होतं की आईनं एकदा तो डबा मांडीवर घ्यावा आणि म्हणावं, हो, हेच. मग तिनं रडून घ्यावं. ती रडली की कदाचित मलाही जमेल, असं काहीतरी डोक्यात होतं.

पण आईनं डबा घरात ठेवूनच घेतला नाही. "दुसऱ्याचं माणूस आहे, आपल्याकडे कशाला?" म्हणाली. मग मी तो पिशवीत घातला आणि दुसऱ्या दिवशी कामावर घेऊन गेले. बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, "डब्यात खाऊ का?" मी म्हटलं, "हो."

आता इथं माझ्या नोकरीचं सांगायला हवं, कारण घोडं तिथंच पेंड खात होतं. मी ज्या संस्थेत काम करते तिथूनच तो डबा आला होता. आमची संस्था अंत्यविधीचं बघते. खाली विद्युतदाहिनी, शेजारी खुर्च्या मांडलेलं सभागृह, बाहेर दोन शववाहिका आणि वर ऑफिस. त्या ऑफिसात मी डिझायनर. हे सांगितलं की लोक आधी हसतात. "तिथं डिझायनरचं काय काम? तुमचं गिऱ्हाईक तर डोळे मिटून येतं!" मीही हसते. पण संस्था म्हटली की लेटरहेड आलं, पाट्या आल्या, पावत्या आल्या, वेबसाइट आली. आणि या सगळ्यांवर लोगो आला.

आमचा लोगो म्हणजे एक अर्धं उघडं दार आणि फटीतून बाहेर येणारे पाच किरण. दिसायला बरा आहे. साहेबांचा तर जीव की प्राण. साहेब म्हणजे आमचे संचालक. माणूस वाईट नाही, पण एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. मागं वर्तमानपत्रात आमची जाहिरात आली तेव्हा कोपऱ्यातला लोगो मुगाच्या दाण्याएवढा छापला होता, किरणांच्या जागी नुसता डाग. साहेबांनी तो कागद माझ्या टेबलावर आपटला. "हे दार आहे की झाडू?" त्याच दिवशी नियम झाला. लोगो कुठंही पंचवीस मिलिमीटरपेक्षा लहान नको. आणि त्याच्या चारही बाजूंना पाच मिलिमीटर मोकळी जागा, तिथं एक अक्षरसुद्धा शिरता कामा नये.

मी नियम लिहून काढला, सुबक मांडला आणि जिथं जिथं लोगो होता तिथं तिथं लावला. शववाहिकेवर प्रश्नच नव्हता, तिथं दार खऱ्या दाराएवढं केलं असतं तरी मावलं असतं. लेटरहेडवर ठीक. व्हिजिटिंग कार्डावर साहेबांचा फोन नंबर मुंगीएवढा झाला, पण साहेब खूश. मोबाइलवर आमची वेबसाइट उघडली की आधी नुसतं दार दिसायचं. घरातलं माणूस गेलेलं, आणि लोक बोटानं ते दार वर सरकवत सरकवत आमचा नंबर शोधताहेत! नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. आणि सगळ्यांत शेवटी राहिलं डब्याचं लेबल.

लेबल साठ मिलिमीटर रुंद, चाळीस उंच. त्यात पंचवीसचा लोगो आणि दोन्ही अंगांना पाच-पाच, म्हणजे पस्तीस गेले. उरल्यातून कडेची जागा सोडली की नावाला मिळाली जेमतेम बोटभर. नावासाठी एकच ओळ होती, आणि ओळ भरली की यंत्र पुढचं सरळ कापून टाकायचं, ना टिंब ना रेघ. छोट्या नावांचं भागत होतं. बाबांचं नाव लांब, त्यांच्या वडिलांचं त्याहून लांब, आणि आडनाव तर पूर्ण म्हणेपर्यंत माणूस दमतो. लेबलावर बाबांचं नाव आलं, वडिलांच्या नावाची पहिली दोन अक्षरं आली, आणि संपलं. शेजारी दार मात्र ऐसपैस, पाचही किरण मोजून घ्या.

मी खाली काकांकडे गेले. काका म्हणजे दाहिनी चालवणारे; डबे भरणं, लेबल छापून चिकटवणं त्यांच्याकडेच.

"ताई, एवढ्या डब्यांना हेच लेबल लावलं, कुणी चकार शब्द काढला नाही," ते म्हणाले.

"लोक वाचत नसतील."

"वाचतात कसले! डबा घेतात, छातीशी धरतात आणि जातात. डोळ्यांत पाणी असतं, त्यात लेबल कोण बघतंय?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "पण अदलाबदलीचं नाव काढू नका हं. आपल्याकडे ते होणार नाही. बिल्ला असतो ना."

बिल्ला म्हणजे धातूची गोल चकती, त्यावर नंबर ठोकलेला. माणसाबरोबर आत जातो, रक्षेबरोबर बाहेर येतो, आगीला दाद देत नाही. बाबांच्या डब्यातला बिल्ला काकांनी काढून पुसून माझ्या हातात दिला. "मावशींना हा दाखवा. विषय संपला."

विषय कुठला संपतोय! आईनं बिल्ला तळहातावर घेतला, उलटा करून पाहिला.

"नंबर?" ती म्हणाली. "मी काय नंबराशी संसार केला?"

"अगं, पण नंबर चुकत नाही."

"परवा शेजाऱ्यांचं पार्सल आपल्याकडे आलं, त्यावरही नंबरच होता."

 मी दादाला फोन लावला. तो म्हणाला, "तू तो डबा कपाटात ठेव आणि गप्प बस. तिला विचारतेसच कशाला?" मी म्हटलं, "कपाट तिचं आहे," आणि फोन ठेवून दिला. सल्ला द्यायला त्याचं काय जातंय! उंटावरून शेळ्या हाकायची त्याची जुनी सवय आहे.

मग मी ठरवलं, लोगोच नको. साठच्या साठ मिलिमीटर बाबांना देऊन टाकू. ऑफिसातल्या चांगल्या प्रिंटरवर, जाड कागदावर, ठळक अक्षरात तीन ओळी: नाव, वडिलांचं नाव, आडनाव. खाली जन्म आणि मृत्यू. भिंगाशिवाय वाचता येईल एवढं मोठं. फॉन्ट निवडायला मला बराच वेळ लागला. सांगायला विचित्र वाटतं, पण तो वेळ बरा गेला. अक्षरांमधलं अंतर कमी-जास्त करत होते तेव्हा ते बाबांचं नाव आहे हे मी विसरलेच होते. ते नुसतं एक लांबलचक नाव होतं, बसवायला अवघड. बसलं तेव्हा मी शेजारच्या टेबलावरच्या मुलीला दाखवलंसुद्धा, "बघ, छान बसलं ना?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला कळेना, हिला काय झालं.

संध्याकाळी आईनं ते लेबल वाचलं. भिंग बाजूलाच राहिलं.

"सगळं बरोबर आहे," ती म्हणाली. मला वाटलं, सुटलो. पण तिनं डबा काही मांडीवर घेतला नाही. "हे तू केलंयस."

"हो, मीच करते ना तिथं हे काम."

"तेच तर. शाळेत असताना सगळ्यांच्या वह्यांना लेबलं लावत बसायचीस, तसंच आहे हे. संस्थेचं ते दार कुठाय? आधीच्यावर होतं की."

"त्या दारापायीच नाव कापलं गेलं, म्हणून काढून टाकलं."

"मग हे तेच आहेत, असं सांगतंय कोण? तू?" तिचा आवाज चढला नव्हता. "तू काय, उद्या पिठाच्या डब्यावर त्यांचं नाव चिकटवून आणशील, आई एकदाची गप्प बसावी म्हणून. ज्यांनी केलं त्यांनी सांगू दे. तू माझी पोरगी आहेस. यात मी तुझं ऐकणार नाही."

मला राग आला. चांगलाच आला. बाबा गेल्यापासून मला काही आलं असेल तर तो हा राग. मी स्वयंपाकघरात गेले आणि असतील नसतील ती भांडी आपटत घासली. आई बाहेरून म्हणाली, "हँडल तुटेल त्याचं." मी आणखी आपटली.

घासता घासता लक्षात आलं की आई चुकत नव्हती. इतकी वर्षं मी छापखान्याला, साहेबांना, दिसेल त्याला हेच ऐकवत आलेय, की लोगो शोभेला नसतो. कागदावर जे लिहिलंय ते कोण बोलतंय, हे तो सांगतो. लोगो नाही म्हणजे बोलणारा कुणी नाही. फक्त बोलणाऱ्यानं एवढंही ओरडू नये, की ज्याच्याबद्दल बोलतोय त्याचंच नाव ऐकू येऊ नये. म्हणजे लोगोही हवा आणि नावही पूर्ण हवं. आणि लेबल साठ बाय चाळीसच, कारण डबा तेवढाच. अंथरूण पाहून पाय पसरायचे, इतकं साधं होतं. पाय साहेबांचे होते, हीच काय ती अडचण.

सकाळी मी साहेबांच्या खोलीत गेले. ते उभे राहिले. माणूस गेलेल्या घरच्यांशी बोलायचा त्यांचा एक आवाज आहे, तो त्यांनी लावला.

"बसा, बसा. कशा आहात? आई कशा आहेत?"

"साहेब, डब्याच्या लेबलावरचा लोगो लहान करायचाय. नऊ मिलिमीटर."

तो आवाज गेला. "नऊ? मॅडम, पंचवीसच्या खाली जायचं नाही असं ठरलंय ना आपलं? नियम तर तुम्हीच लिहिलाय. एका ठिकाणी सूट दिली की उद्या जो तो आपला..."

"सूट नकोय. नियमच चुकलाय. गाडीवर, कार्डावर, मोबाइलवर, डब्यावर एकच माप कसं चालेल? प्रत्येक जागेचं माप वेगळं ठरवू. मोठ्या जागी पाच किरणांचं दार. कार्डावर तीन किरणांचं. डब्यावर दोनच किरण, जरा जाड, आणि भोवतीची मोकळी जागाही त्याच प्रमाणात कमी. मोबाइलवरच्या चिन्हात नुसतं दार."

"किरण कमी करायचे?" साहेबांनी अशा सुरात विचारलं, जणू मी त्यांच्या नातवाची बोटं कमी करायला निघाले होते. "मग तो आपला लोगो कसा राहील? विश्वस्त मला विचारतील. बघू, नंतर बघू. तुम्ही आधी घरचं निस्तरा. हवी तर रजा घ्या."

मी पिशवीतून डबा काढला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला. माझं लेबल मी घरीच सोलून काढलं होतं, खाली आधीचं तसंच होतं.

"घरचंच निस्तरतेय, साहेब. हे माझे वडील. नाव वाचा."

साहेबांनी चष्मा लावला. वाचलं. पुढचं मागच्या बाजूला असेल म्हणून डबा फिरवून पाहिला. मागं काही नव्हतं.

"तुमच्या लोगोनं माझ्या बापाचं आडनाव खाल्लं," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं असणार, कारण बाहेर सगळ्यांचे कीबोर्ड थांबले. "आई म्हणते, हा माणूस माझा नव्हे. आणि ती बरोबर म्हणते. यात कोण आहे ते वाचून कळत नाही. दार कुणाचं आहे ते मात्र लांबूनच कळतं."

 साहेबांनी तो डबा दोन्ही हातांनी उचलून टेबलाच्या मधोमध ठेवला. समोरची पेनं, फायली बाजूला केल्या.

"नऊवर दाराची फट दिसेल का?" त्यांनी विचारलं.

"दाखवते."

आम्ही खाली काकांच्या खोलीत गेलो. साहेबही आले. काकांचं लेबलाचं यंत्र साधं, कागद तापवून काळे ठिपके उमटवणारं. बारीक रेघ त्याला झेपत नाही. बारा मिलिमीटरवर पाचही किरण ठेवून पाहिले, त्यांचा एक जाड पट्टा झाला. नऊवर पाच ठेवले तर कंगवा. मग दोन केले आणि खाली सातवर नेलं. सातवर किरण सुटे दिसले, पण फट भरून आली. साहेबांनी ते लेबल दिव्याखाली धरलं.

"हे बंद झालं," ते म्हणाले. "बंद दार नको, मॅडम."

"नको," मी म्हटलं.

पुन्हा नऊ. दोन किरण, फट केसभर रुंद केली. वरच्या डाव्या कोपऱ्यात लोगो, भोवती दोन मिलिमीटर मोकळे, आणि खाली लेबलाच्या पूर्ण रुंदीत तीन ओळी. काकांनी बटण दाबलं. यंत्र घरघरलं आणि बाबांचं आडनाव पहिल्यांदा अख्खं बाहेर आलं. दार उघडं होतं.

साहेबांनी हात लांब करून पाहिलं. "लांबून आपलाच वाटतो."

"लोगो लोक लांबूनच ओळखतात, साहेब. किरण मोजत कोण बसतंय?"

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, काम जमल्यावर वाटतं तसं साधं, रोजचं बरं वाटलं. पाठीमागं दाहिनीत कुणीतरी होतं, तिचा आवाज सारखा चालू होता, आणि मला बरं वाटत होतं.

काकांनी जुनं लेबल खरवडून काढलं, नवं चिकटवलं, कोपरे अंगठ्यानं दाबले.

"डबा तुम्हीच आणून द्या, काका," मी म्हटलं. "माझ्या हातून नको. संस्थेच्या हातून हवाय तिला."

"गाडी घेऊन जा," साहेब म्हणाले. मग त्यांच्याच लक्षात आलं, संस्थेच्या गाड्या म्हणजे शववाहिकाच. "नाही, नको. बसनंच जा."

काका गणवेशात, टोपी घालून निघाले. बसमध्ये डबा मांडीवर घेऊन ताठ बसले, खिडकीबाहेरसुद्धा बघितलं नाही. तीन मजले चढताना धापा टाकत होते, पण डबा मला धरू दिला नाही. दारात टोपी सारखी केली आणि बाबांचं पूर्ण नाव घेतलं, आडनावासकट, एकही अक्षर न गाळता. "यांची रक्षा संस्थेतर्फे आपल्या ताब्यात देतोय, मावशी." डब्याबरोबर त्यांनी ताबापत्र दिलं, लेटरहेडवरचं. साहेबांनी स्वतः सही केली होती.

आईनं आधी भिंगाशिवाय वाचलं, मग भिंग लावून. तिचे ओठ हलत होते. नाव. वडिलांचं नाव. आडनाव. जन्मतारीख. मग तिनं ताबापत्र घेतलं आणि डब्याशेजारी धरलं. एकदा कागदाकडे बघे, एकदा डब्याकडे.

"कागदावर पाच रेघा आहेत," ती म्हणाली. "डब्यावर दोनच."

 काका माझ्याकडे बघायला लागले.

"आई, लहान केलं की बारीक रेघा एकमेकींत मिसळतात, नुसतं काळं दिसतं. म्हणून छोट्यावर दोनच ठेवल्यात. दार तेच आहे. नाव मावायला हवं होतं ना, म्हणून दार लहान केलं."

"तू गप्प बस." तिनं काकांना विचारलं, "खरं आहे का हो?"

"खरं आहे, मावशी. माझ्यासमोर झालं. साहेबही उभे होते. इथून पुढं सगळ्याच डब्यांवर हेच येणार."

"सगळ्या?"

"सगळ्या. नाव पूर्ण आणि दार लहान."

आईनं एका हातात कागद आणि एका हातात डबा धरून दोन्ही हात लांब केले. डोळे बारीक करून पाहिलं. 

"लांबून एकच दिसतं," ती म्हणाली.

"एकच आहे, मावशी."

"म्हणजे हे तुम्ही सांगताय. ही नाही."

"आम्ही सांगतोय."

तिनं कागद घडी करून खुर्चीच्या कडेला ठेवला. डबा मांडीवर घेतला, प्लास्टरच्या वरच्या बाजूला, आणि तो घसरू नये म्हणून त्याच्याभोवती हात धरला. हेच तर मला हवं होतं. आता ती रडेल, मग मीही रडेन, मग काकांना चहा देऊ, असं मी मनात लावून ठेवलं होतं. मी वाट बघत उभी राहिले.

आई रडली नाही. आडनावावरून अंगठा फिरवत बसली.

"नाव छान बसवलंयस," ती म्हणाली. कामाचं कौतुक ती कधी करत नाही, म्हणून मी जवळ गेले. तिनं मान वर केली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काहीच उरलं नव्हतं. "अर्धं होतं तोवर ते दुसऱ्या कुणाचं तरी होतं. तू कशाला नीट केलंस गं?"

काकांनी टोपी काढून हातात घेतली. मी आईच्या पायाशी खाली बसले. बाबा गेले होते. आईला ते कळलं होतं, आणि तिच्याकडे बघता बघता मलाही कळलं.